आंघोळीचा अर्धा तास

गुलाबी प्लॅस्टिकचा तो बिल्ला साबणाच्या पाण्यात आधी तिला बटण वाटला — मोठं, बिनभोकाचं, उगाचच गुळगुळीत — आणि मग त्याच्यावरून अंगठा फिरला तेव्हा उठवलेला आकडा लागला, एक्केचाळीस, आणि सुकन्याचा हात बादलीतच थांबला. गाऊनच्या खिशातून निघाला होता तो. चोवीस दिवस हा गाऊन दारामागच्या खुंटीवर लटकत होता. तिने तो घातला नव्हता, धुतलाही नव्हता, आज सकाळी शाळेला निघताना लेकीने, पूर्वीने, नाक मुरडत तो ओढून तिच्या पुढ्यात टाकला, “मम्मी, हा तरी धू ना गं आता,” म्हणून तो पाण्यात पडला… एक्केचाळीस. कॅज्युअल्टीच्या काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता काचेखालून सरकवला होता. नंबर पुकारला की या, म्हणाला होता. पुकारलाच नाही कुणी. म्हणजे त्या हॉस्पिटलच्या लेखी सासूबाईंचा नंबर अजून यायचाच आहे, आणि त्यांचा बिल्ला घेऊन ती इथे अंजूरला मोरीत बसली आहे आणि नळ वाहतो आहे.

नळ बंद करायला हवा, टाकी संपेल. आज चार वाजता भिवंडीला त्याच हॉस्पिटलात जायचं आहे. सकाळपासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं — चार वाजता. तिच्या नवऱ्याने, मनोजने, अर्ज दिला त्याला पंधरा दिवस होऊन गेले. तीनदा फाडून चौथ्यांदा त्याने तो स्वतःच्या हाताने लिहिला होता आणि पूर्वीकडून शुद्धलेखन तपासून घेतलं होतं: ‘माझी आई श्रीमती धोंडूबाई केसरीनाथ तरे, वय एकाहत्तर, हिला आपल्या तातडीच्या विभागात अडीच तास बाकड्यावर बसवून ठेवण्यात आले व ती बसल्या जागी वारली.’ हॉस्पिटलचं उत्तर आलं, चौकशी समिती नेमली आहे, घटनेच्या वेळी हजर असलेल्या नातेवाइकांनी यावे. हजर होती ती एकटी सुकन्या. मनोज त्या दिवशी पडघ्याला होता, गोदामाच्या पत्र्याच्या कामावर, आणि फोन लागून तो ट्रॅफिकमधून येईपर्यंत आईच्या अंगावर चादर ओढून झाली होती. आज चहाचा कप खाली ठेवताना तो म्हणाला, “तू फक्त झालं ते सांग. एक पण गोष्ट सोडू नको, काय?”

ती हो म्हणाली. आणि मग बराच वेळ कपबश्याच विसळत राहिली.

एक गोष्ट ती चोवीस दिवस सोडतच आली होती. दहाव्याला, तेराव्याला, भेटायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला तिने सगळं सांगितलं होतं — दारावरचा वॉचमन, बिल्ला, बाकडं, कुलूप, सगळं — आणि सांगून सांगून त्या गोष्टीला चांगली धार आली होती, कुठे थांबायचं, कुठे बायका तोंडाला पदर लावणार, हे तिला आधीच कळायला लागलं होतं, आणि त्याची तिला शरम वाटायची. पण गोष्ट नेहमी हॉस्पिटलच्या फाटकापासून सुरू व्हायची. फाटकाच्या आधी काय झालं, हे कुणी विचारलं नाही. का विचारावं? आधी घर होतं. घरात काय व्हायचंय.

घरात हे झालं होतं…

साडेनऊच्या सुमाराला सासूबाई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. नाकावर माशी बसू न देणारी बाई. एकाहत्तर वर्षांची, पण लुगड्याचा काष्टा असा कसलेला की तरण्या बाईने बघत राहावं. सुकन्या आतून काही तरी विचारायला आली तर त्या भिंतीला टेकल्या होत्या आणि एक हात गळ्याच्या खाली दाबून धरला होता, सूप उपडं झालेलं, आणि त्यांच्या अंगाला घाम फुटला होता — कपाळावर, कानांमागे, मानेच्या वळीत, चोळीच्या पाठीला — खाडीवरून चांगला वारा सुटलेला असताना एवढा घाम. तिने आधी मनोजला फोन लावला, लागला नाही; मग गावातल्या नामा रिक्षावाल्याला लावला, तो म्हणाला, आलोच वहिनी. ती सासूबाईंच्या काखेत हात घालून उठवायला गेली, तशा त्या तिचा हात बाजूला करून म्हणाल्या, “अशीच कशी येव गो? आंग धुवाचा हाय मना.”

“आई, अहो आता कसली आंघोळ… रिक्षा येतेय.”

“येव दे. थांबंल त्यो. पारोशी कंदी भिवंडीला गेलंय मी?”

हे खरं होतं. भिवंडीला जायचं म्हणजे त्यांच्या लेखी चार लोकांत जायचं. मग बाजाराला जायचं असो की कोर्टात तारखेला, आंघोळ, धुतलेलं लुगडं, केसांना तेल, गळ्यात पुतळ्यांची माळ, हातात पाटल्या. जमिनी गोदामवाल्यांना जायच्या आधी, शेतावर राबायच्या दिवसांतही त्या अशाच जायच्या म्हणे. सुकन्याने एकदा आणखी ‘नको’ म्हटलं असतं. दोनदा म्हटलं असतं. पण सोळा वर्षांत त्यांच्या शब्दापुढे तिने कधी ब्र काढला नव्हता, आणि… नाही, एवढंच नव्हतं. एवढंच असतं तर आज तिला घास गिळता आला असता. त्यांच्या अंगाला घामाचा वास येत होता, चोळीला वालाच्या सालांचे डाग होते, आणि तिच्याही मनात येऊन गेलंच होतं, की लोक म्हणतील धोंडूबाईला सुनेनं तशीच पारोशी उचलून आणली. क्षणभरच आलं. पण आलं.

मग तिने त्यांना आंघोळ घातली. पाटावर बसवून, मोरीच्या भिंतीला टेकवून. सोळा वर्षांत तिने त्यांची उघडी पाठ पाहिली नव्हती. चोळीखालची कातडी केवढी गोरी होती, आणि डाव्या खांद्याखाली मुगाएवढा एक तीळ होता, हा तीळ बहुधा फक्त गेलेल्या सासऱ्यांनाच माहीत असणार, असा चावट विचार तेवढ्या धांदलीतही तिला शिवून गेला. ती घाबरत घाबरत हात फिरवत होती. सासूबाई म्हणाल्या, “जोरान घास. मी काय काचेची हाय?” आणि मग, मान खाली घालूनच, जरा वेळाने, “तुजा हात बरा हाय गो.”

बास. सोळा वर्षांत कौतुकाचं एवढं एकच वाक्य, आणि ते तिला कुणाला सांगता येत नव्हतं.

टॉवेलने तिने त्यांना कोरडं केलं, मान, पाठ, बोटांच्या बेचक्या. हिरवं लुगडं नेसवलं. तेल लावलं, अंबाडा घातला, माळ घातली. सगळं मिळून अर्धा तास गेला. नामा बाहेर दोनदा हॉर्न वाजवून गप्प बसला होता. तिला स्वतःला साडी नेसायला वेळ उरला नाही, गाऊनवर ओढणी टाकून ती तशीच रिक्षात बसली, विस्कटलेली, पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला.

आत्ता स्वयंपाकघरात भात लागायला आला होता. तिने गॅस बारीक केला. मनोज जेवायला येईल, मग निघायचं. ती पोळपाट काढते, ठेवते, पुन्हा काढते… त्याला आत्ताच सांगून टाकू का, जेवतानाच? काय म्हणू? तुझ्या आईच्या छातीत कळ होती आणि मी तिला न्हाऊ घालत बसले. तो काही बोलणार नाही, तो त्याच्या बापासारखा आहे, बोलायचं असेल तेव्हा नेमका उठून जातो. ताटावरून उठेल. आणि मग चार वाजता आम्ही दोघं एका बाइकवर.

तिने जेवताना सांगितलं नाही. मनोजने वालाची भाजी नको म्हणून वाटी बाजूला सारली, आणि तिला एकदम कळलं की ते वाल त्या दिवशीचेच होते, सोललेले, फ्रीजरमध्ये राहिलेले, आणि आज तिने न बघता शिजवले होते.

हॉस्पिटल बायपासजवळ होतं, पाच मजली, काचेचं. बाहेरच्या फाटकावर तोच वॉचमन होता. त्याने त्यांना ओळखलं नाही. त्या दिवशी हाच उठून पुढे आला होता, दोघींना खालून वर निरखून म्हणाला होता, “पेशंट कौन है?” — आणि आतल्या सिस्टरने तर विचारलंही नाही, सरळ सुकन्याचाच दंड धरून तिला स्टुलावर बसवलं आणि बीपीचा पट्टा गुंडाळायला लागली. “मी नाही, मी नाही, ह्या,” सुकन्या म्हणाली. सिस्टरने सासूबाईंकडे पाहिलं. त्या ताठ उभ्या होत्या, हिरव्या लुगड्यात, सोनं घालून, हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या, आणि सिस्टरला हसू आलं. वाईट हसू नव्हतं ते. पण त्या हसण्यानेच सगळं ठरलं, असं सुकन्याला नंतर कित्येकदा वाटलं.

मग तो तरुण डॉक्टर आला होता. गळ्यात स्टेथोस्कोप, डोळ्यांखाली काळं, कुठली तरी लांब शिफ्ट चाललेली. “मावशी, काय होतंय?”

“काय न्हाय,” सासूबाई म्हणाल्या. “ग्यास झालाय.”

“छातीत दुखतंय त्यांच्या,” सुकन्या मध्ये बोलली.

त्याने नाडी पाहिली, स्टेथोस्कोप लावला, आणि लिहिता लिहिता विचारलं, “घाम वगैरे आला होता का?”

इथे… इथे ती रोज येऊन अडते. तिने सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कोरडा, धुतलेला, तेल लावल्याने कपाळाची कड चकाकणारा. आला होता, खूप आला होता, मी पुसला, असं म्हणायचं होतं. मग तो विचारणार, पुसला म्हणजे? आंघोळ घातली. छातीत दुखत असताना आंघोळ? आणि सिस्टर वळून बघणार, काउंटरवरचा माणूस मान वर करणार, शेजारच्या बाकड्यावरची बाई बघणार — आणि सासूबाईंसमोर, त्यांच्याच हट्टाबद्दल, परक्या लोकांत… तिच्या तोंडून गेलं, “नाही.”

एवढंच. नाही. त्याने ते लिहिलं.

“ईसीजी काढू,” तो म्हणाला होता. “मशीन वर वॉर्डात गेलंय, आलं की काढू. तोपर्यंत बसा. नंबर पुकारतील.” त्यानंतर मानकोलीच्या नाक्यावर टेम्पो उलटून जखमी झालेले सहा जण एकदम आले, आरडाओरडा, रक्त, स्ट्रेचर, आणि मशीन वरून आलं ते आधी तिकडे गेलं, आणि बाकड्यावर नीट बसलेल्या, नीट नेसलेल्या म्हातारीकडे बघायला कुणाला उसंत मिळाली नाही. सुकन्या तीनदा उठून काउंटरवर गेली. “ताई, दिसतंय ना काय चाललंय?” दिसत होतं तिला. जे दिसत नव्हतं, ते तिच्याच शेजारी बसलं होतं.

दीड तासाने सासूबाई म्हणाल्या, “मना जावाचा हाय.” संडासाला कुलूप होतं. किल्ली सफाईवाल्या मावशीकडे आणि मावशी जेवायला. “धरतंय मी,” सासूबाई म्हणाल्या आणि मांडीवर मांडी घट्ट दाबून बसल्या, जशा त्या घरीही कधी बसल्या नसतील. शेजारच्या बाकड्यावर जाहिदा नावाची एक बाई होती, तिच्या दिराचं बोट पॉवरलूममध्ये आलं होतं, तिने आपली पाण्याची बाटली पुढे केली, सासूबाईंचा हात हातात घेतला आणि दचकून म्हणाली, “या अल्ला, कितना ठंडा हाथ है इनका. बहन, डॉक्टरला सांगा ना.”

आणि सुकन्या काय म्हणाली होती? तिला शब्द न् शब्द पाठ आहे. “नहीं, अभी नहाके आये हैं ना,” ती म्हणाली होती.

समितीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. टेबलापलीकडे तिघं — मधे सुपरिंटेंडेंट बाई, पिकलेले केस, आवाज मऊ; बाजूला दोन पुरुष; आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर तो तरुण डॉक्टर. दाढी वाढलेली. पाण्याचे ग्लास झाकून ठेवले होते, ते कुणी उघडले नाहीत. बाई म्हणाल्या, “झालं ते फार वाईट झालं. तुम्ही शांतपणे सांगा.” सुकन्याने सांगायला सुरुवात केली, फाटकापासून. गोष्ट सवयीने आपली आपण पुढे सरकत होती, तिला तिच्यात असण्याचीही गरज नव्हती. वॉचमन, सिस्टर, बिल्ला, कुलूप. सासूबाईंचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं ती वेळ — तिला वाटलं, डुलकी लागली. तिने आपला खांदा जरा खाली केला, त्यांना बरं पडावं म्हणून, आणि तशीच वीस मिनिटं न हलता बसली. मग जाहिदा ओरडली. मग पळापळ. मग स्ट्रेचरवर घेताना लुगडं ओलं झालेलं दिसलं, आणि जेवून परत आलेली मावशी जमिनीकडे बघून मोठ्याने म्हणाली, “अरे देवा, इथंच केलं हिने.”

इथे बायका नेहमी तोंडाला पदर लावायच्या. इथे कुणी लावला नाही. बाईंनी मान हलवली आणि लिहिलं.

मग डाव्या बाजूच्या पुरुषाने फाइल उघडली. “एक बघा. पहिल्या तपासणीची नोंद आहे. बीपी जवळपास नॉर्मल. ‘घाम नाही, असे नातेवाइकांनी सांगितले.’ हे बरोबर आहे?”

“अहो, घामाचं काय घेऊन बसलात?” मनोज उसळून म्हणाला. “अडीच तास बसवून ठेवली ना तुम्ही माझ्या आईला! ईसीजी काढायला घाम लागतो काय?”

त्याचंही खरं होतं. सुकन्याला वाटलं, हे त्याचं खरं पुरेसं आहे, याच्या आडोशाला मला उभं राहता येईल, आज, उद्या, मरेपर्यंत. ती हो म्हणून मोकळी होणार होती, तेवढ्यात कोपऱ्यातून तो डॉक्टर बोलला, कुणी न विचारता, टेबलाच्या कडेकडे बघत.

“मॅडम, मी रोज आठवून बघतो. मी पाहिलं होतं त्यांच्याकडे. नुसतं लिहून मोकळा नव्हतो झालो, नीट पाहिलं होतं. चेहरा एकदम व्यवस्थित होता. म्हणून मला… म्हणून मी थांबवलं त्यांना.”

सव्वीस-सत्तावीसचा असेल. सुकन्याने पहिल्यांदा त्याच्याकडे धड पाहिलं. म्हणजे चोवीस दिवस हाही तोच चेहरा बघतोय, तेल लावलेला, धुतलेला. आणि त्याला वाटतंय की त्या चेहऱ्यात काही तरी होतं आणि आपल्याला ते दिसलं नाही. तो शोधतोय. आयुष्यभर शोधेल. आणि तिथे काही नव्हतंच, कारण जे होतं ते मी टॉवेलने…

“घाम होता,” ती म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. मनोजने पाहिलं नाही.

“घरी होता. खूप होता. मी पुसला. त्यांना आंघोळ घातली मी, निघायच्या आधी. त्या तशा येत नव्हत्या. यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. हात थंड होते तेही मी… मला वाटलं आंघोळीनेच.”

“किती वेळ गेला त्यात?” फाइलवाल्याने विचारलं, आणि त्याचं पेन आधीच कागदावर टेकलं होतं.

“अर्धा तास.”

पेन चाललं. ‘अर्धा तास’ लिहायला वेळ तो किती लागतो. पण ते लिहिताना त्या माणसाचे खांदे उतरले, सैल झाले, आणि शेजारच्याने झाकलेला ग्लास उघडून पाणी प्यायलं. तिला दिसलं ते. अडीच तासांच्या समोर त्यांना अर्धा तास मिळाला होता. आणि अंगावर काटा यावा तसा तिला राग आला, त्यांचा की स्वतःचा ते कळायच्या आतच आला.

“आणि संडासाला कुलूप होतं,” ती म्हणाली. “ते पण लिहा.”

“हो, ते तुम्ही मघाशी—”

“लिहिलं नाही तुम्ही. मी बघत होते. त्या पारोशी यायला तयार नव्हत्या, इतक्या स्वच्छ बाई होत्या त्या, आणि तुम्ही त्यांना लुगड्यात… ते लिहा. मी घातलेली आंघोळ लिहिता ना, मग हे पण लिहा.”

सुपरिंटेंडेंट बाईंनी फाइल आपल्याकडे ओढून घेतली आणि स्वतः लिहिलं. लिहून तिला वाचून दाखवलं. डॉक्टर खाली बघत होता. त्याचं ओझं हलकं झालं की नाही, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. कदाचित त्याला आता दुसरंच काही सुचत असेल, की मीच पुन्हा एकदा विचारायला हवं होतं. सुकन्याने खाली सही केली. तिच्याखाली मनोजनेही केली, कागद न वाचता.

जिना उतरताना तो पुढे होता. बाइक काढली, किक मारली, ती बसायची वाट पाहिली, सगळं नेहमीसारखं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कारण नेहमी ठेवते, आणि ठेवल्यावर तिला वाटलं, हा हात आता काढावा का. त्याने झटकला नाही. पण तो खांदा एरवी तिच्या हाताखाली जरा खाली येतो, तसा आलाही नाही. रस्त्याला धूळ होती, कंटेनरांची रांग होती, दोन्ही बाजूंना गोदामांचे पत्रे उन्हाने पांढरे पडलेले. बोल काही तरी, ती मनात म्हणत होती. शिव्या दे. खाली उतर म्हण. सासूबाईंनी मला सोळा वर्षांत जेवढं सुनावलं तेवढं एका दमात सुनाव, पण बोल.

मानकोलीला एक लांबलचक ट्रेलर वळताना आडवा अडकला होता आणि सगळंच थांबलं. मनोजने इंजिन बंद केलं. पुढचे ओरडत होते, हॉर्न वाजत होते. त्याने मान न वळवताच विचारलं, “पाणी ऊन होतं?”

तिला कळलंच नाही. “काय?”

“आईला आंघोळ घातलीस ना. थंड पाणी सोसायचं नाही तिला. ऊन दिलंस का?”

“हो,” ती म्हणाली. “ऊन होतं. चांगलं ऊन होतं.”

त्याने आरसा उगाच सरळ केला. मग म्हणाला, “बरं केलंस.”

त्या दोन शब्दांनी तिच्या काळजाचं पाणी झालं. कारण त्या सकाळी लाइट गेली होती. गिझर बंद होता. आंघोळीला अर्धा तास लागलाच नव्हता, आंघोळ, लुगडं, तेल सगळं मिळून दहा मिनिटांचं. बाकी सगळा वेळ पाण्याचा होता. गॅसवर दोन पातेली चढवून ती शेगडीपुढे उभी होती, बोट बुडवून बघत होती, कोमटच आहे अजून, थांबा आई, जरा थांबा. गार पाणी अंगावर घेतलं असतं तर त्या कुरकुरल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, आणि वीस मिनिटं आधी रिक्षात बसल्या असत्या. टेम्पो उलटायच्या आधी, मशीन तिकडे जायच्या आधी. हे तिने समितीला सांगितलं नव्हतं. चोवीस दिवस स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आता याला सांगायचं का — आत्ता, इथे, ज्याने आत्ताच बरं केलंस म्हटलं त्याला?

ट्रेलर इंचाइंचाने सरकत होता. आणि मग तिला त्या दिसल्या. बाकड्यावरच्या नव्हेत, स्ट्रेचरवरच्या नव्हेत. चोवीस दिवस तिला बाकड्यावरच्या आणि स्ट्रेचरवरच्याच दिसत आल्या होत्या आणि प्रत्येक वेळी ती फक्त स्वतःसाठी घाबरली होती. स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला डोकं टेकून, छातीवर मूठ धरून खाली बसलेल्या सासूबाई दिसल्या. घाई कर म्हणाल्या नाहीत, तोंडातून हूं की चूं नाही. हॉस्पिटलने नंतर बसवलं, आधी त्या माझ्या दारात बसल्या होत्या, माझं पाणी तापायची वाट बघत. मी पाठमोरी होते. पातेलं उचलून वळेपर्यंत मी एकदाही मागे पाहिलं नाही.

पुढची रांग हलली. मनोजने किक मारली, बाइक धक्क्याने पुढे गेली, आणि सुकन्या त्याच्या खांद्याला घट्ट धरून, तेराव्यालाही न रडलेली, हुंदके देऊन रडायला लागली. त्याला ते ऐकू येत होतं की नाही, कुणास ठाऊक. त्याने गाडी थांबवली नाही, हळू मात्र केली.